निळी पिंपे

2025 च्या गणपतीतला तिसरा दिवस होता. ऋषीची भाजी आदल्या दिवशी खाऊन झाली होती, दीड दिवसाचे गणपती हर्णैच्या समुद्रात गेले होते, आणि ज्या घरी गौरी यायच्या होत्या तिथून रोज संध्याकाळी टाळ-मृदंगाचा आवाज येत होता. पाऊस थांबून थांबून पडत होता. शेजारच्या सुभेदारभाऊंकडे आरतीला गेले तेव्हा खळ्यात जाखडीची मुले पायांत चाळ बांधत बसली होती आणि पडवीत ओल्या छत्र्यांचा ढीग झाला होता. माजघरात टीव्ही चालू होता, पण त्याचा आवाज बंद केलेला. पडद्याच्या तळाशी बातम्यांची पट्टी सरकत होती आणि सवयीने मी ती मोठ्याने वाचली. लेबनॉनमधली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना 31 डिसेंबर 2026 रोजी काम थांबवणार, सुरक्षा परिषदेच्या सर्व 15 सदस्यांचे एकमत. वाचता वाचताच वहिनींनी पुढे केलेली मोदकांची ताटली हातात घेत मी बोलून गेले, "बरं झालं. नाहीतरी या फौजा असून नसून सारख्याच."

वहिनी काही बोलल्या नाहीत. भाऊ पाटावर बसून प्रसादाच्या नारळाचे तुकडे करीत होते, त्यांनी मानही वर केली नाही. त्यांच्या मागच्या भिंतीवर, मखराच्या कडेने अर्धवट दिसणारा, त्यांचा निळ्या टोपीतला फोटो होता. तो फोटो मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा पाहिला होता, आणि 2008 च्या सुमारास ते लेबनॉनला याच फौजेत होते हेही मला ठाऊक होते. ठाऊक असलेली गोष्ट नेमक्या वेळी आठवली नाही. नारळाचे सगळे तुकडे करून झाल्यावर सुरी पुसत भाऊ म्हणाले, "मग बाई, त्या निळ्या पिंपांचं काय करणार?"

मला पिंपे ठाऊक नव्हती.

आरतीनंतर पडवीत बसून त्यांनी ती समजावून सांगितली. 2000 साली इस्रायलचे सैन्य दक्षिण लेबनॉनमधून मागे गेले, तेव्हा ते खरोखर मागे गेले की नाही हे तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नकाशावर सुमारे 120 किलोमीटरची एक रेघ आखली. तिला निळी रेघ म्हणतात. ती सीमा नाही, हे भाऊंनी मला तीनदा सांगितले. सीमा कुठली हा वाद दोन देशांचा, तो मिटेल तेव्हा मिटेल. ही रेघ फक्त कोण कुठवर आहे हे कळण्यापुरती. पण नकाशावरची रेघ डोंगरात दिसत नाही. शेळ्यांना दिसत नाही, त्यांच्यामागे धावणाऱ्या गुराख्यालाही दिसत नाही, आणि त्या गुराख्याचे पाऊल पलीकडे पडले की बंदुका उचलल्या जातात. म्हणून रेघेवर ठरावीक जागी निळी पिंपे उभी करायची. जागा दोन्ही बाजूंनी वेगवेगळी मोजायची, आणि दोघांनीही मान्य केल्याशिवाय पिंप उभे करायचे नाही. सुरुंग पेरलेला मुलूख, तो आधी साफ करायचा आणि मग एका पिंपासाठी वाट पाहत बसायचे. "एकेका पिंपाला महिने लागत," भाऊ म्हणाले, "आणि एकदा उभं राहिलं की आम्ही त्याला जाता-येता हात लावून बघायचो."

ती हात लावून बघण्याची गोष्ट माझ्या मनातून जाईना. त्या रात्री घरी आले, कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, आणि आपण त्या माणसाच्या घरात, त्याच्या गणपतीसमोर काय बोललो याची लाज वाटत राहिली. लाजेहून जास्त टोचत होते ते हे, की मी बोलले त्यावर माझा खरेच विश्वास होता. 31 वर्षे मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. संयुक्त राष्ट्रांचा धडा वर्षाच्या शेवटी येई, पोर्शन संपवायची घाई असे, आणि मी तो 6 प्रमुख अंगांची यादी पाठ करून घेऊन संपवीत असे. नकाराधिकार असलेले 5 देश मुले बोटांवर मोजून दाखवीत. एखादे हुशार पोर विचारी, पाचांतला एकच नाही म्हणाला तर बाकीच्या सगळ्यांच्या मताला काय अर्थ उरला? मी म्हणे, चांगला प्रश्न आहे, पण परीक्षेत येणार नाही. शांतिसेना हा शब्द मी टिपा लिहा या प्रश्नापुरता शिकवला. हा शब्द त्या संस्थेच्या सनदेत मुळात नाहीच, हे मला फार उशिरा कळले. सनदेच्या सहाव्या प्रकरणात भांडण समजुतीने मिटवण्याचे मार्ग आहेत आणि सातव्यात बळाने मिटवण्याचे. या फौजा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतात, म्हणून सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी त्यांना साडेसहाव्या प्रकरणातल्या म्हटले होते. 1956 साली सुएझ कालव्याच्या युद्धावेळी पहिली सशस्त्र शांतिसेना उभी राहिली ती इतक्या घाईत, की वेगळे शिरस्त्राण करायला वेळ नव्हता. अमेरिकी शिरस्त्राणांच्या अस्तरांवरच निळा रंग फवारला गेला. त्या पहिल्या फौजेत भारतीय जवान होते, आणि ते गाझात 11 वर्षे राहिले.

कोकणात ज्याचे आयुष्य गेले आहे त्याला मधल्या माणसाचे काम नवे नाही. आमच्याकडे भाऊबंदकीत दोन सख्खे भाऊ एकाच ओटीवर बसतात, एकमेकांकडे पाहत नाहीत आणि तिसऱ्याला उद्देशून बोलतात. "त्याला सांगा, गडगा माझ्या बापाने घातलाय." तिसरा ते ऐकून, थोडे मऊ करून पलीकडे सांगतो, जरी पलीकडच्याने ते कानांनी ऐकलेलेच असते. भाऊंनी सांगितले की लेबनॉनच्या दक्षिण टोकाला नाकुरा म्हणून गाव आहे, तिथे शांतिसेनेचे मुख्यालय आहे, आणि तिथे दोन्ही देशांचे अधिकारी असेच एका खोलीत बसत आणि शांतिसेनेच्या प्रमुखाला उद्देशून बोलत. 2006 च्या युद्धानंतर वर्षानुवर्षे हे चालले. मी हसणार होते, पण भाऊ हसले नव्हते. ते म्हणाले, "लहान गोष्टी तिथेच मिटत. कोणाची शेळी, कोणाचं झाड, कोणी कॅमेरा कुठे लावला. मिटली नसती तर त्यातलीच एखादी पेटली असती." भारतीय बटालियनचा पट्टा पूर्वेला, हर्मोन पर्वताच्या पायथ्याकडचा. हिवाळ्यात तिथे बर्फ पडते. आमच्या हर्णैच्या माणसाने, ज्याला डिसेंबरातल्या पहाटेची थंडीही सोसवत नाही, तिथे रात्री गस्त घातली. आपल्या सैन्यातले पशुवैद्य तिथल्या शेळ्या-मेंढ्यांना औषध देत आणि त्यासाठी गावकरी रांग लावून उभे राहत, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला. मला वाटते, माणसांच्या भांडणात काही करता येत नसताना जनावर बरे करता येते, याचा तो आनंद असावा.

दुसऱ्या एका शांतिसेनेतही ते होते, पण त्या फौजेचा फोटो त्यांच्या भिंतीवर नाही. भरती होऊन दोन-तीन वर्षे झाली होती आणि 1987 च्या करारानंतर भारताने जी फौज श्रीलंकेत पाठवली तिच्याबरोबर ते जाफन्याला गेले. नाव शांतिसेनाच होते. काही आठवड्यांत ती फौज लढू लागली आणि 1990 मध्ये परत आली तेव्हा सुमारे 1,200 जवान मागे राहिले होते. भाऊ त्याबद्दल फार बोलत नाहीत. त्या संध्याकाळी मात्र बोलले, ते एवढेच: "तिथं आम्ही मध्ये उभे राहायला गेलो आणि एका बाजूला झालो. टोपी हिरवीच होती बाई." मी वर्गात अटी शिकवायची त्या मला आठवल्या: दोन्ही पक्षांची संमती, कोणाचीही बाजू न घेणे, आणि स्वतःच्या वा सोपवलेल्या कामाच्या रक्षणाखेरीज शस्त्र न उचलणे. पुस्तकातल्या त्या तीन ओळी माझ्यासमोर बसलेल्या या माणसाने दोनदा अंगावर घेतल्या होत्या, एकदा मोडताना आणि एकदा पाळताना.

याच ओळी कोणी किती ताणून पाळल्या हे मी मुलांना सांगू शकले असते, कारण ती गोष्ट आपल्या कोल्हापूरकडच्या माणसाची आहे. कोरियाचे युद्ध 1953 मध्ये थांबले ते एका प्रश्नावर अडून अडून. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे करायचे काय? असे कैदी 22,000 हून अधिक होते. त्यांना दोन्ही बाजूंपासून अलग, कोणाच्याच नसलेल्या पट्ट्यात ठेवायचे आणि प्रत्येकाला आपला निर्णय मोकळेपणी घेऊ द्यायचा, यासाठी तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख होते ते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांचे पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही असे जाहीर केले, तेव्हा आपल्या जवानांना जहाजांवरून थेट हेलिकॉप्टरने त्या मधल्या पट्ट्यात उतरवावे लागले. ज्यांच्या भांडणात पडलो त्यांनाच आपण नको होतो. कैदी दगड मारीत, दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रे पक्षपाताचा आरोप करीत. काम संपवून 1954 च्या सुरुवातीला फौज परतली, तेव्हा तिच्याबरोबर 88 कैदी भारतात आले. त्यांना उत्तरही नको होते आणि दक्षिणही. ज्याला कोणतीच बाजू नको त्याला जायला एक दार असावे, आणि ते दार काही महिने का होईना आपण उघडे धरले होते, हे मला आज फार मोलाचे वाटते. तेव्हा, शिकवताना, ते माझ्या टिपणवहीत नव्हते.

पण मी जे बोलले ते अगदीच हवेतून आले नव्हते, आणि केवळ लाज वाटली म्हणून ते खोडून टाकणे खरेपणाचे होणार नाही. 1994 मध्ये रवांडात कत्तल सुरू झाली तेव्हा तिथे शांतिसेना होती. सुरक्षा परिषदेने ती वाढवली नाही, उलट काही शेकड्यांवर आणली, आणि सुमारे 100 दिवसांत 8 लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. 1995 च्या जुलैत बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा या गावात, ज्याला सुरक्षित क्षेत्र म्हटले होते तिथे, डच जवानांच्या डोळ्यांदेखत पुरुष आणि मुले वेगळी काढली गेली. 8,000 हून अधिक जण मारले गेले. हैतीत 2010 साली शांतिसेनेच्या छावणीतून नदीत गेलेल्या मैल्याने पटकी पसरली. आणि जिथे या फौजा गेल्या त्यांतल्या काही ठिकाणी जवानांनीच बायका-मुलींवर अत्याचार केले, हे खुद्द संयुक्त राष्ट्रांनीही मान्य केले आहे. मदतीला आलेल्याच्या गणवेशाची भीती वाटावी याहून वाईट काय असेल? लेबनॉनचेही तसेच. 1978 मध्ये ही फौज तिथे अंतरिम म्हणून गेली, तिच्या नावातच तो शब्द आहे, आणि ती तिथे असताना युद्धाचे 1982 आले, 2006 आले, 2024 आले. तिच्या डोळ्यांसमोर हिजबुल्ला या तिथल्या सशस्त्र संघटनेने शस्त्रे साठवली, आणि 2024 च्या ऑक्टोबरात इस्रायली रणगाड्याने नाकुऱ्याच्या टेहळणी मनोऱ्यावर मारा करून इंडोनेशियाच्या दोन जवानांना जखमी केले. जागा सोडा असे सांगितले गेले तरी ते जवान तिथून हलले नाहीत. हे सगळे भाऊंनाही माहीत आहे. त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही, त्याचे कारण हेच असावे.

आणि एक गोष्ट भाऊंना माहीत नाही. 2023 च्या डिसेंबरात माझा धाकटा मुलगा बोटीवर होता. तेलवाहू जहाज, थर्ड इंजिनीयर, तांबड्या समुद्रातून वर जायचे होते. येमेनमधून हुती बंडखोर जहाजांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सोडत होते. 23 डिसेंबरला तर गुजरातच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, मंगळूरला निघालेल्या एका जहाजावर ड्रोन येऊन आदळले. दापोली तालुक्यातल्या किती घरांत त्या रात्री कोणाला झोप लागली नसेल ते मला ठाऊक आहे, कारण इथे प्रत्येक वाडीत कोणी ना कोणी बोटीवर असतो. मुलाचा फोन आला की कंपनीने मार्ग बदलला आहे, आफ्रिकेला वळसा घालून जाणार, दहा-बारा दिवस जास्त लागतील. मी देवापुढे साखर ठेवली. पण त्या दिवसांत मी काय मागत होते ते आज लिहिले पाहिजे. दोघांच्या मध्ये उभे राहून दोघांचेही ऐकून घेणारा माणूस मला नको होता. मला तोफा हव्या होत्या, मोठ्यात मोठ्या युद्धनौका हव्या होत्या, आणि त्या कोणाच्या आहेत याची मला पर्वा नव्हती. अमेरिकेने आघाडी उभी केली तेव्हा मला वाटले, आपणही तिच्यात का जात नाही, कशाला थांबलो आहोत? आपण गेलो नाही. आपल्या नौदलाने स्वतःच्या नौका पाठवल्या. 2024 च्या मार्चमध्ये आयएनएस कोलकाताने जळत्या जहाजावरून 21 जणांना वाचवले, आणि त्याच महिन्यात सोमाली चाच्यांनी पळवलेले रुएन नावाचे जहाज 40 तासांच्या कारवाईनंतर सोडवले. 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुटले. त्या 17 जणांत एकही भारतीय नव्हता. ती बातमी वाचून मी रडले, आणि ते रडू अभिमानाचे होते की मी त्याआधी तीन महिने फक्त माझ्याच मुलापुरते मागत होते त्याचे, हे मला सांगता येणार नाही.

तोफांच्या आशेने मोठ्याला बोलावण्याचे काय होते, याचा धडा तर माझ्या खिडकीतून दिसतो. पाऊस उघडला की समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो, पाण्यातून वर आलेला काळा तट. तुळाजी आंग्रे ऐकत नाहीत, आपल्या आरमाराने ते आवरत नाहीत, म्हणून पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला आणि 1755 च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने हा किल्ला तोफा डागून घेतला. त्याच्या जहाजाचे नाव प्रोटेक्टर होते. रक्षण करणारा. मी दरवर्षी सहलीला मुलांना किनाऱ्यावर उभे करून हे सांगत असे. किल्ला कराराप्रमाणे पेशव्यांना मिळाला; पुढच्या वर्षी फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले, आणि ज्याच्यावर या किनाऱ्याची भिस्त होती ते आरमार उरले नाही. इथून उत्तरेला काही कोसांवरचे बाणकोट इंग्रजांनी ठेवून घेतले. 1802 मध्ये होळकरांकडून हरलेले दुसरे बाजीराव पुण्याहून पळाले ते याच बाजूला आले, महाड, मग हा सुवर्णदुर्ग, आणि इथून इंग्रजी जहाजाने वसईला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिथे तह झाला. किमान 6,000 ची तैनाती फौज, तिच्या खर्चाला 26 लाखांचा मुलूख, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी युद्धही नाही आणि तहही नाही. रक्षण मिळाले. 16 वर्षांनी पेशवाई संपली.

म्हणून आजच्या बातम्या वाचताना मला दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले आणि दोनशे वर्षे कोणत्याही लष्करी गटात न गेलेला स्वीडन नाटोत गेला, त्याच्या आधी फिनलंड गेला. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. माझी डिसेंबरातली भीती आठवली की त्यांची समजते. आता नाटोत 32 देश आहेत, आणि 2035 पर्यंत देशांतर्गत एकूण उत्पादनाच्या 5 टक्के संरक्षणाकडे वळवायचे असे हेग येथे 2025 मध्ये ठरले. एकावर हल्ला तो सगळ्यांवर, हे त्यांचे पाचवे कलम 1949 पासून आजवर फक्त एकदा, 2001 च्या सप्टेंबरात, वापरले गेले. पण ते शब्द आता सगळीकडे मागितले जात आहेत. त्या गणपतीनंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच आमच्याच समुद्रापलीकडे सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी जवळपास तशाच शब्दांचा करार केला. प्रत्येक जण आपला गट शोधतो आहे. गटातल्या माणसाला गट सांभाळतो, हे खरेच आहे. माझी काळजी वेगळ्या जागेची आहे: दोन गटांच्या मधली जी जमीन, जिथे कोणाच्या तरी शेळ्या चरतात, ती कोणाच्याच करारात नाही. तिथे उभे राहायला पैसेही उरले नाहीत. 2025 च्याच ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांनी सांगितले की मोठ्या देशांची वर्गणी थकल्यामुळे 9 मोहिमांमधले सुमारे एक चतुर्थांश जवान आणि पोलीस परत पाठवावे लागतील. पश्चिम आफ्रिकेतल्या माली या देशाने तर 2023 मध्ये स्वतःच फौजेला जायला सांगितले. संमती काढून घेतली की थांबता येत नाही, तो नियमच आहे. 1967 च्या मे महिन्यात इजिप्तने सुएझच्या त्या पहिल्या फौजेला असेच सांगितले होते, सरचिटणीस ऊ थांट यांनी ते मानले, आणि 5 जूनला युद्ध पेटले तेव्हा गाझातले आपले जवान अजून परत निघण्याच्या तयारीत होते. त्यांतले काही तिथेच मारले गेले.

अशा फौजांत आजवर सर्वांत जास्त जवान आपल्याच देशाचे पडले आहेत, 180 च्या आसपास. त्यांच्या घरच्यांना ते नेमके कुठल्या लढाईत गेले हे सांगणे अवघड जात असेल. लढाई होऊ नये म्हणून ते तिथे होते.

दिवाळी झाली, हवा कोरडी पडली आणि हर्णैच्या बंदरात पुन्हा गर्दी सुरू झाली. एका संध्याकाळी लिलावाच्या वेळी मी वाळूत उभी होते. बैलगाड्या कंबरभर पाण्यात जाऊन होड्यांतून मासळी घेत होत्या, बर्फाचा चुरा पायाखाली करकरत होता, आणि जिकडे पाहावे तिकडे निळी पिंपे: बर्फाची, डिझेलची, पाण्याची, आडवी टाकलेली, उभी केलेली. आयुष्यभर ती इथे असणार, आणि मी कधी पाहिली नव्हती. परत येताना आमच्या पाखाडीवरून चढले. या पाखाडीच्या दोन अंगांना भाऊंच्या दोन चुलतभावांची घरे आहेत. जायची वाट कोणाच्या हिश्शातली यावरून त्यांच्यात एकदा डोके फुटण्यापर्यंत गेले होते, पोलीस पाटील आले होते, मोजणी मागवली होती आणि ती मोजणी दोघांनीही मानली नव्हती. हे सगळे मला आठवत होते. आठवत नव्हते ते असे, की पाखाडीच्या वळणावर, बरोबर तिथे जिथे भांडण झाले होते, एक निळे पिंप कित्येक वर्षे उभे आहे. पावसाळ्यात एका पन्हळीचे पाणी त्यात पडते. दोन्ही घरांतल्या बायका त्यातून पाणी घेतात, एक सकाळी आणि एक दुपारी, आणि वाटेवरून जाणारा प्रत्येक जण न कळत त्याच्या ठरलेल्या बाजूने जातो.

भाऊ त्यांच्या खळ्यात सुपाऱ्या वाळत घालीत होते. मी विचारले, "ते पिंप तुम्ही ठेवलंत का?"

"हो," ते म्हणाले. "तिकडून आल्यावर. दोघांना विचारून ठेवलं. दोघं हो म्हणेपर्यंत चार महिने गेले."

मी त्यांची गणपतीतल्या माझ्या बोलण्याबद्दल माफी मागणार होते. वाक्य तयार करूनच आले होते. त्यांनी सुपारीचा वाफा हाताने सारखा केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, त्या पिंपाच्या तळाला या वर्षी भेग गेली आहे, पाणी धरत नाही, ही म्हणते काढून नवं आणा. मी म्हटले, मग आणू या की, उद्या दापोलीला जाणारच आहे मी. तेव्हा त्यांनी मान वर केली.

"तसं नाही आणता येणार बाई. बदलायचं तर परत दोघांना विचारायला लागेल."